सोसायटीच्या वेबसाइटचा मालक कोण, हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात कुवेतला असलेल्या आमच्या एका फ्लॅटमालकाचा फोन आला. "बाई, आमच्या सोसायटीच्या सायटीचेर जुगार कसो दिसता?" मी लगेच मोबाइलवर पत्ता टाकून पाहिला. जिथे पाण्याची टाकी धुण्याच्या आणि वार्षिक सभेच्या सूचना असायच्या, तिथे रमीच्या जाहिराती हलत होत्या. हाच पत्ता आमच्या लेटरहेडवर आहे, पावतीपुस्तकावर आहे, गेटवरच्या पाटीवरही रंगवलेला आहे. मला रात्री झोप लागली नाही.

आमची सोसायटी फोंड्याजवळ ढवळीला आहे. २४ फ्लॅट, एक लिफ्ट, एक वॉचमन. मॅनेजर ठेवणे परवडत नाही, त्यामुळे अध्यक्ष, खजिनदार आणि मी, सचिव, असे तिघे मिळून विनामोबदला कारभार पाहतो. नऊ फ्लॅटांचे मालक मुंबई, पुणे आणि आखातात असतात, ते चवथीला नाहीतर मे महिन्यात येतात. त्यांच्यासाठीच ही वेबसाइट. "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना, मग वेबसाइट कशाला?" असे मला अनेकांनी विचारले. पण जूनमध्ये ग्रुपवर टाकलेली गळतीच्या कामाची कोटेशने ऑक्टोबरात शोधायला गेलात, तर सुप्रभाताच्या फुलांखालून ती वर काढता येत नाहीत. फ्लॅट विकणारा ग्रुप सोडून जातो आणि नवा मालक आला की त्याला मागचे काहीच दिसत नाही.

झाले होते ते असे. जुनी वेबसाइट एका माजी सभासदाच्या ओळखीच्या मुलाने आपुलकीने करून दिली होती. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि तो ईमेल वापरेनासा झाला. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच ईमेलवर येत राहिली. मुदत संपली, नंतरची सवलतीची मुदतही गेली, नाव मोकळे झाले आणि कुणी तिसऱ्यानेच ते विकत घेतले. आम्हाला कुणी फसवले नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. दोष कमिटीचा, आणि त्या कमिटीत मीही होते. फ्लॅटचे विक्रीखत कुणी ओळखीच्या मुलाच्या नावावर करत नाही. डोमेनच्या बाबतीत मात्र आम्ही नेमके तेच केले होते.

नवी वेबसाइट करून घ्यायची ठरली तेव्हा आम्ही तीन ठिकाणी विचारले. रंग, फोटो, पान कसे दिसेल याची चर्चा कमिटीने दहा मिनिटांत आटोपली आणि ते योग्यच झाले. खरा वेळ प्रश्न विचारण्यात गेला.

पहिल्यांनी आम्हाला मोठे अ‍ॅप दाखवले. गेटवर पाहुण्यांची नोंद, क्लबहाऊसचे बुकिंग, वाहनांचे स्टिकर. आमच्याकडे क्लबहाऊस नाही आणि वॉचमनकाका वहीत नोंद उत्तम ठेवतात. दर पहिल्या वर्षी ३,००० रुपये, दुसऱ्या वर्षापासून ७,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. दुसऱ्या वर्षाचा आकडा आम्ही विचारला म्हणून कळला, कोटेशनवर तो नव्हता. सोडून जायचे झाल्यास आमचा मजकूर परत मिळेल का, असे विचारल्यावर "तशी सोय नाही, पण कुणी सोडून जात नाही" असे उत्तर मिळाले. खजिनदारांनी तिथेच फाईल मिटली.

दुसऱ्यांकडे आमची एक चाचणी फसली, ती सगळ्याच सोसायट्यांच्या उपयोगाची आहे म्हणून सविस्तर सांगते. मी ३१ वर्षे मराठी शाळेत शिकवले, आणि आमच्या सोसायटीच्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत निघतात. त्यातल्या जुन्या मराठी सूचना युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसावी यासाठीच्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यातली सभेची एक सूचना मी त्यांना नमुना पानावर लावायला दिली. पानावर उमटली ती रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा काला होऊन. "मॅडम, फोटो काढून टाकूया," असे ते म्हणाले. फोटोतला मजकूर शोधून सापडत नाही, आणि आमच्या दोन ज्येष्ठ सभासदांना मोबाइलवर अक्षर मोठे करून वाचावे लागते, तेही फोटोत नीट होत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, त्यासाठी कन्व्हर्टर आहेत. नंतर जोडाक्षरे आणि रफार तेवढे हाताने तपासावे लागतात. ते काम मी स्वतः तीन दुपारी बसून केले. पण ज्याला हा प्रश्नच कळत नाही, त्याच्या हाती मराठी वेबसाइट द्यायची नाही, हे आमचे ठरले.

तिसरी एकटीच काम करणारी, म्हापशाची तरुण मुलगी. तिला म्हटले, नमुना पानावर आहे ते सगळे आत्ता उतरवून आमच्या पेनड्राइव्हवर दे. दहा मिनिटांत दिले. ती वर्डप्रेस वापरते. २००३ पासून चालत आलेली ही वेबसाइट बनवण्याची मोफत आणि खुली प्रणाली आहे, तेव्हा उद्या तिला जमले नाही तरी दुसरा कुणीही काम पुढे नेऊ शकतो. एसएसएल प्रमाणपत्राचे, म्हणजे वेबसाइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे तिने लावले नाहीत, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे मोफत प्रमाणपत्र बसवले. एका कोटेशनमध्ये त्याचेच दरसाल पैसे लावले होते.

डोमेन मात्र आम्ही तिलाही घ्यायला सांगितले नाही. सोसायटीच्या नावाने वेगळा ईमेल उघडला आणि सोसायटीच्या खात्यातून पैसे भरून डॉट इन नाव स्वतः नोंदवले, एकदम ५ वर्षांसाठी. दहा वर्षांपर्यंत नोंदवता येते. देवनागरीतले डॉट भारत नाव घ्यावे असे मला मनापासून वाटत होते, २०१४ पासून ते मराठीत आणि कोकणीतही मिळते. पण आमचे काही सभासद कोकणी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत वाचतात आणि त्यांच्या फोनवर देवनागरी कीबोर्ड नाही. त्यांना अडचण नको म्हणून तो विचार सोडला.

एका बाबतीत मी हट्ट धरला. जुन्या वेबसाइटवर मालकांची नावे, फोन नंबर आणि थकबाकीदारांची यादी कुणालाही दिसत होती. गोव्यात किती फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतात हे सर्वांना ठाऊक आहे. कुठल्या फ्लॅटचा मालक कुवेतला आहे, हे आपणच जगाला सांगायचे? शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. आता खुल्या पानावर फक्त सोसायटीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि नावे नसलेल्या सूचना आहेत. हिशेब ईमेलने जातात.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक असलेल्या लहान सोसायट्यांना माझी विनंती आहे. आज संध्याकाळी पाच मिनिटे काढून हूइजवर, म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंद दाखवणाऱ्या सेवेवर, आपले डोमेन तपासा. मुदत कधी संपते आणि ते कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, आहे, एवढे तिथे दिसते. मग ते खाते कुणाच्या ईमेलवर उघडले आहे आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, हे कमिटीत विचारा. वेबसाइट करणाराच डोमेन सांभाळत असेल तर ते सोसायटीच्या खात्यात हलवण्यासाठी ट्रान्सफर कोड आताच मागून घ्या, संबंध चांगले आहेत तोवर.

पाटो, पणजीच्या सहकार संकुलातील निबंधक कार्यालयालाही विनंती आहे. कमिटी बदलताना चेकबुक, शिक्के, इतिवृत्ताची वही सोपवतात, त्या यादीत डोमेन, ईमेल आणि त्यांचे पासवर्ड यांची एक ओळ घालण्याची सूचना सोसायट्यांना द्यावी. आमच्याकडे ते आता एका सीलबंद पाकिटात, चेकबुकाबरोबर कपाटात आहे. पाकिटावर तिघांच्या सह्या आहेत.

गेटवरची पाटी पाऊस थांबल्यावर नव्याने रंगवली. पावतीपुस्तकाची सव्वाशे पाने शिल्लक आहेत. त्यावरचा जुना पत्ता मी निळ्या पेनने खोडते आणि खाली नव्याचा शिक्का मारते.

आपली नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव,
ढवळी, फोंडा