एफएसटॅब नीट समजावून सांगणाऱ्या ताई, मनापासून आभार

ताई, नुसतं थँक्यू टाकून गप्प बसणं काही जमेना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही सांगितलेलं आणखी कुणाच्या तरी कामाला यावं हाही हेतू आहेच.

माझी अडचण अशी की लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, पण फोटो, गाणी, कामाच्या फायली सगळं विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर), आणि लिनक्स चालू केलं की दरवेळी फाइल मॅनेजर उघडा, ड्राइव्हवर क्लिक करा, पासवर्ड टाका, तोवर गाण्यांच्या प्लेअरला फोल्डरच सापडत नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू होताना कुठले ड्राइव्ह आपोआप जोडायचे (माउंट करायचे) ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अमुक ओळ चिकटव असं सांगणारे खूप भेटतात हो. तुम्ही त्या ओळीतला एकेक शब्द तिथे का आहे ते सांगितलंत, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं होतं.

पार्टिशनचं एसडीए३ वगैरे नाव डिस्क कुठल्या क्रमाने सापडते त्यावर ठरतं, दुसरी डिस्क लावली तर ते बदलू शकतं, पण यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ते पार्टिशन परत फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो, म्हणून तोच लिहायचा, हे एकदा कळल्यावर पुन्हा विसरणं शक्य नाही. एनटीएफएसचा (विंडोजची फायली साठवायची पद्धत) यूयूआयडी १६ अक्षरांचाच असतो, लिनक्सच्या ईएक्सटी४ सारखा लांबलचक नसतो, तेव्हा छोटा दिसला म्हणून घाबरू नकोस, हेही तुम्ही मी विचारायच्या आधीच सांगून टाकलंत! यूआयडी १००० (माझ्या लिनक्स खात्याचा क्रमांक) कशाला, तर फायलींची मालकी रूटकडे (सिस्टिमच्या मुख्य खात्याकडे) न जाता माझ्याकडे यावी म्हणून. आणि नोफेल. हा शब्द नसेल आणि ड्राइव्ह सापडला नाही तर सिस्टिम दीड मिनिट वाट बघत बसते आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये (डेस्कटॉप न येता दुरुस्तीपुरत्या पडद्यावर) जाते. माझ्या मते नवीन माणसाला आधी हे सांगावं, बाकी सगळं नंतर.

रीबूट करायच्या आधी जुन्या एफएसटॅब फाइलची कॉपी ठेव आणि माउंट -ए (त्या फाइलमधले ड्राइव्ह लगेच जोडून बघणारी कमांड) चालवून बघ, गडबड असेल तर तिथेच कळेल, हा तुमचा आग्रह तर मी आता सवयच करून टाकलीये.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. ड्राइव्ह आपोआप माउंट व्हायला लागला, माझं काम झालं होतं, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलंत की त्यात फाइल सेव्ह होतेय का. होत नव्हती, फक्त वाचता येत होतं. मग तुम्ही सांगितलंत की विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप असतं, त्यामुळे शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपल्यासारखं राहतं आणि आपली अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, अशा वेळी लिनक्सने तिथे काही लिहिलं तर फायली खराब होऊ शकतात म्हणून ते लिहूच देत नाही. जबरदस्तीने माउंट करायचे पर्याय आहेत, पण त्या वाटेला जाऊ नकोस, विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्समधून ते फास्ट स्टार्टअपच बंद कर, एवढं ठामपणे बजावलंत. तसं केलं, विंडोज एकदा नीट बंद केलं, आणि आता लिखाणही व्यवस्थित होतंय.

त्या पार्टिशनवर घरच्यांचे सगळे जुने फोटो आहेत ताई. तुम्ही परत येऊन विचारलं नसतंत तर मी तो जबरदस्तीचा पर्यायच शोधत बसलो असतो. खूप खूप आभार.