‘उत्साह कायम’ होता, पण रेस थांबवणारं कोण होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात पान तीनवर रविवारच्या हाफ मॅरेथॉनचं छायाचित्र छापलंत. खाली ओळ होती, ‘गारपिटीतही नागपूरकर धावपटूंचा उत्साह कायम’. त्यात डाव्या कोपऱ्यात निळ्या टोपीतली, तोंड वाकडं केलेली जी बाई दिसते, ती मी. ते तोंड उत्साहानं वाकडं झालेलं नाही. बोराएवढी गार कानशिलावर बसली की कोणाचंही तसंच होतं.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. वय 58. नऊ वर्षांपासून धावते आणि ही माझी अकरावी हाफ होती. पावसात मी काही पहिल्यांदा धावले नाही. जुलैत फुटाळा तलावावर भिजत धावण्यासारखं सुख नाही, हे शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगून सांगून मी त्यांचा जीव खाल्ला आहे. पण जुलैचा पाऊस वेगळा आणि फेब्रुवारीचा अवकाळी वेगळा. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची (भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी वादळी पट्ट्याची) थंड हवा येते, बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतं, दोन्हींची गाठ आपल्या विदर्भावर पडते, आणि मग विजा, वादळी वारा, गारा. संत्र्याचा बहर गळालेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र तर आपल्याच गावात, सोनेगावला आहे. शनिवारी दुपारीच यलो अलर्ट, म्हणजे सावध राहण्याचा इशारा, आला होता. तो आमच्या ग्रुपवर फिरला, आयोजकांच्या ग्रुपवरही फिरला. खाली चाळीस अंगठे उमटले.

सकाळी पावणेसहाला मैदानावर झुंबा सुरू होता. पश्चिमेला आभाळ लुकलुकत होतं. माइकवरचा पोरगा ओरडत होता, ‘‘पाऊस येवो, वादळ येवो, नागपूर थांबत नाही!’’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मार्ग साडेदहा किलोमीटरच्या दोन फेऱ्यांचा होता. लॉ कॉलेज चौक, रविनगर, भरतनगर, फुटाळा, मग वायुसेनानगरचा चढ, सेमिनरी हिल्स, जपानी गार्डन आणि परत मैदान. रविनगरला थेंब सुरू झाले, सेमिनरी हिल्सला धो-धो, आणि जपानी गार्डनपासून गारा. रस्ताभर पानं, काड्या. एक चांगली मनगटाएवढी फांदी आमच्यापुढे येऊन पडली. तशा अवस्थेत पहिली फेरी संपवून आम्ही मैदानाच्या गेटशी आलो (तुमच्या छायाचित्रकारानं तिथेच टिपलं). आत पक्कं सभागृह, दारं उघडी. मंडपातले पाहुणे केव्हाच तिथे जाऊन बसले होते. गेटवर दोन माणसं उभी करून ‘आत या, रेस थांबली’ एवढं सांगितलं असतं तर पाच मिनिटांत शेकडो लोक छपराखाली आले असते. पण माइक म्हणाला, ‘‘शाब्बास! अजून एकच राउंड!’’ आणि आम्ही गेलो.

आता आमचीही चूक लिहिते, नाहीतर हे पत्र नुसतं बोट दाखवणं होईल. मला कोणी ढकललं नव्हतं. मी स्वतःच्या पायांनी दुसऱ्या फेरीला गेले, कारण अकरावं मेडल हवं होतं आणि आठवडाभर घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. धावणाऱ्याला त्या वेळी अक्कल नसते. म्हणून तर थांबवणारा बाहेरचा, कोरडा आणि अधिकार असलेला माणूस लागतो.

दुसऱ्या फेरीत फुटाळ्याच्या उघड्या काठावर वीज चमकली. सवयीनं मोजायला लागले. आठवीच्या वर्गाला मी हे वर्षानुवर्षं शिकवलंय, आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. सहापर्यंत आले आणि गडगडाट झाला. म्हणजे दोन किलोमीटर. वीज आणि आवाज यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर उघड्यावरून आत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. घड्याळ आणि कान असले तर तेवढंही लागत नाही.

तिथेच चहाच्या टपरीजवळ एक मुलगा फुटपाथवर बसलेला दिसला. वय बावीस-तेवीस, अंगावर आयोजकांनी दिलेला टी-शर्ट चिकटलेला. हातात ओआरएसचं पाकीट, आणि ते त्याला फाडता येत नव्हतं. बोटं नुसती पाकिटावरून घसरत होती. नाव विचारलं तर जीभ जड. धावताना अंगात गरमी तयार होत असते, तोवर ओलं अंगही निभावून जातं. माणूस थकून चालायला लागला की गरमी थांबते, आणि ओले कपडे व वारा उरलेली खेचून घेतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्याला बर्फ लागत नाही. नागपुरात फेब्रुवारीत ओला टी-शर्ट नि वारा पुरतो.

चहावाल्यानं मात्र क्षणाचाही विचार केला नाही. ‘‘काऊन बसून राहिला बे, आत ये,’’ म्हणत त्याला काखेत धरून ताडपत्रीखाली घेतलं, ओला टी-शर्ट काढला, स्वतःचं स्वेटर घातलं, वरून साखरेचं रिकामं पोतं गुंडाळलं आणि स्टोव्हच्या उबेला बसवलं. मला म्हणाला, ‘‘मॅडम, हे पोट्टं लटलट कापून राहिलं. तुमच्यात कोणी पाहाले नाही का?’’ मी बिबच्या (छातीवर लावलेल्या नंबराच्या कागदाच्या) मागचा आपत्कालीन नंबर लावला. दोनदा एंगेज, तिसऱ्यांदा कोणी उचलला नाही. शेवटी त्याचा मित्र मागून आला आणि ऑटोनं घेऊन गेला. तो आता बरा आहे. चहाचे पैसे टपरीवाल्यानं घेतले नाहीत.

वर सेमिनरी हिल्सला पाण्याच्या स्टॉलवर कॉलेजच्या चार मुली एका झाडाखाली उभ्या होत्या. विजांत, झाडाखाली! पहाटे चारपासून आलेल्या, रेनकोट नाही, केळ्यांच्या पेटीचा पुठ्ठा डोक्यावर. त्यातली एक मला विचारते, ‘‘काकू, रेस बंद झाली का? आम्ही घरी जायचं का?’’ स्वयंसेवक धावणाऱ्याला विचारतो आहे की रेस चालू आहे का! मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग इथे आला. त्या चौघींना मी लगतच्या इमारतीच्या पोर्चमध्ये नेऊन उभं केलं आणि तिथून चालत मैदान गाठलं. बक्षीस समारंभ सुरू होता. मेडल मिळालं, चांगलं जड आहे.

नंतर आयोजकांपैकी तिघांना विचारलं, थांबवायचं कोणी ठरवणार होतं? एक म्हणाला रेस डायरेक्टर, दुसरा म्हणाला पोलीस, तिसरा म्हणाला, ‘‘मॅडम, फॉर्मवर तुम्ही सही केली आहे ना.’’ केली आहे. स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत असल्याची. पण रस्ता त्यांनी बंद केला, वेळ मोजणारी चिप त्यांनी बांधली, माइक त्यांच्या हातात. मग गारांत पुढे जा म्हणण्याची जबाबदारी तेवढी माझी कशी?

2007 साली शिकागोची मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. आज तिथे हिरवा, पिवळा, लाल आणि काळा अशा रंगांनी धावणाऱ्याला वाटेत कळतं की परिस्थिती काय आहे. काळा म्हणजे रेस बंद. 2021 च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस, वारा आला. 172 पैकी 21 जण गारठून दगावले, त्यात त्या देशाचे नावाजलेले धावपटू होते. तिथे डोंगर होता आणि आपल्याकडे फुटाळा आहे, हा फरक मला कळतो. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावानं भरून वाहत काय केलं, ते पाहिलेल्या गावानं आभाळाला इतकं हलक्यात घेऊ नये.

मला फी परत नको. रद्द झाली तर ‘पैसे बुडाले’ म्हणून आम्हीच आयोजकांच्या अंगावर जातो, म्हणून ते घाबरतात, हेही खरं आहे. फॉर्मवरच लिहा की विजा असतील तर रेस थांबेल, पैसे मिळणार नाहीत, मेडल घरपोच येईल. मी आनंदानं सही करीन. थांबवणाऱ्या एका माणसाचं नाव आदल्या दिवशी जाहीर करा. दर पाण्याच्या स्टॉलवर तीन रंगांची कापडं आणि एक शिट्टी ठेवा, आणि त्या मुलींना रेनकोट द्या. शहरातल्या रेनकोटवाल्यांकडे फेब्रुवारीत माल पडूनच असतो. महापालिका आणि वाहतूक पोलीस परवानगी देताना रस्त्याचा नकाशा मागतात, त्याच अर्जात रेस कोण, कशी थांबवणार याचा एक कागद जोडून मागितला तर वेगळा कायदा लागणार नाही.

बुधवारी पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा मेसेज आला. अर्ली बर्ड सवलत आहे, टी-शर्ट या वेळी केशरी आहे. उत्तरात मी विचारलं की थांबवायचा अधिकार कोणाकडे असेल आणि ते आम्हाला धावताना कसं कळेल. दोन निळ्या टिक-खुणा आल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर