आधी बुडखे दाखवलेत म्हणून

आदरणीय गाईडकाका,

सप्रेम नमस्कार.

जपानच्या याकुशिमा बेटावर येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच झाड असतं, जोमोन सुगी हा तिथला प्रसिद्ध महावृक्ष. तुम्ही मात्र आमच्या घरातल्या सगळ्यांना, लहानांसकट, आधी तोडलेल्या झाडांचे बुडखे दाखवलेत. जंगल कसं राखलं जातं हे समजायचं असेल तर ते कसं तोडलं गेलं हे आधी बघावं, हा तुमचा क्रम आम्हाला मनापासून पटला. त्याचेच आभार मानायला हे पत्र. उघडं लिहितोय, कारण आपल्याकडचं एखादं कुटुंब मुलांना घेऊन कागोशिमावरून बोटीने तुमच्या बेटावर निघालं, तर तुम्ही शिकवलेलं त्यांना निघण्यापूर्वीच माहीत असावं.

सुगी म्हणजे जपानी देवदार. दार्जिलिंगच्या डोंगरांवर धुपी नावाने लावलेलं झाड ते हेच. सहसा ते पाचशे वर्षांच्या आसपास जगतं. याकुशिमावर मात्र हजार वर्षं ओलांडलेल्या झाडालाच याकुसुगी म्हणतात, त्याहून लहान ते कोसुगी. एवढं आयुष्य कशामुळे, ते तुम्ही रस्त्याकडेच्या एका दरडीवर हात ठेवून सांगितलंत. जेमतेम ५०५ चौरस किलोमीटरचं बेट, त्यात १,९३६ मीटरचं मियानोउरा शिखर, आणि सगळा गाभा ग्रॅनाइटचा. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि डोंगरावर ८,००० ते १०,०००. एवढ्या पावसात मातीतलं सत्त्व वाहून जातं. उपाशी झाड हळू वाढतं, वाढीची वलयं एकमेकांना चिकटून बसतात, लाकूड घट्ट होतं आणि त्यात राळ भरपूर साठते. राळेमुळे कूज लागत नाही. गरिबीमुळेच हे झाड टिकलं, आणि त्याच राळेमुळे माणसांना हवंसंही झालं.

आता बुडखे. ते जमिनीलगत कापलेले नाहीत, कित्येक तर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच आहेत, हे आम्ही एकट्याने बघितलं असतं तर नुसतं नवल करून पुढे गेलो असतो. तुम्ही कारण सांगितलंत. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, इथली तोड मुख्यतः छपरावर घालायच्या लाकडी कौलांसाठी होती. भाताची शेती फारशी नसलेल्या या बेटाने त्याच्यावर सत्ता असलेल्या सात्सुमा प्रांताच्या शिमाझु सरदारांना तांदळाऐवजी ही कौलं कर म्हणून भरली. कौल करवतीने कापत नाहीत, पाचर मारून उभं फोडतात. त्यासाठी लाकडाची रेषा सरळ हवी. बुंध्याच्या पायथ्याशी मुळं फाकलेली असतात, रेषा पिळलेली असते. तिथलं लाकूड कौलांच्या कामाचं नाही. म्हणून झाडाभोवती माच बांधायचा, त्यावर उभं राहून कुऱ्हाड चालवायची, खोडाचा सरळ भाग जागेवरच फोडायचा आणि कौलांच्या मोळ्या पाठीवरून खाली आणायच्या. बुडखा आणि फांद्यांकडचा शेंडा जंगलातच राहिला. राळेमुळे ते लाकूड तीनशे वर्षांनंतरही शाबूत आहे.

मुलांना तुम्ही एका जिवंत, जाडजूड झाडाच्या अंगावरची खोबण दाखवलीत. काठ आत वळलेले, कडेने नवी साल चढलेली, आत हात घातला तर मनगटापर्यंत जाईल एवढी खोल. ती चाचणीची खूण. तोडण्याआधी खोडाचा एक ढलपा काढून तो सरळ फुटतो का हे बघत. सरळ फुटला तर झाड गेलं, वाकडा फुटला तर झाड वाचलं. आज ज्या महावृक्षांपुढे लोक हात जोडतात त्यांतले पुष्कळसे पिळलेले, गाठाळ, पोकळ म्हणून उरले. जोमोन सुगीही त्यांतलाच: उंची २५.३ मीटर, घेर १६.४ मीटर, सगळं अंग उंचवट्यांनी भरलेलं. त्याचं वय २,१७० वर्षांपासून ७,२०० वर्षांपर्यंत का सांगतात, याचंही उत्तर तुमच्याकडे होतं. पोकळीतल्या लाकडाची कार्बन चाचणी २,१७० सांगते, मोठा आकडा घेरावरून बांधलेला अंदाज आहे, आणि गाभाच कुजून गेल्यामुळे मधली वलयं मोजायला उरलेलीच नाहीत.

सरळ झाडांचं काय झालं ते विल्सनच्या बुडख्यात कळतं. आत माणसं उभी राहतात, मधून झरा वाहतो. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या काळात क्योतोतल्या देवळासाठी तो वृक्ष तोडला असं सांगतात. नाव मात्र १९१४ साली इथे आलेल्या अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं.

पण आमच्या मते तुमच्या शिकवणीचा खरा गाभा बुडख्याच्या माथ्यावर होता. शेवाळाची गादी, तिच्यात बोटभर उंचीची सुगीची रोपटी, आणि शेजारच्या बुडख्यावर त्याच जातीचं पूर्ण वाढलेलं झाड, मुळं जुन्या लाकडाला कवटाळून खाली जमिनीत उतरलेली. खाली जमिनीवर बी पडलं तर दाट सावलीत आणि पाल्यापाचोळ्यात ते बहुधा टिकत नाही. बुडख्यावर शेवाळ ओल धरतं, उंचीमुळे स्पर्धा कमी, आणि झाड पडल्यामुळे वर आभाळ मोकळं झालेलं असतं. सुगीच्या रोपाला उजेड लागतोच. म्हणून वादळात एखादा वृक्ष कोसळणं हीसुद्धा या जंगलाची रीत आहे. आज तीनशे वर्षांच्या आसपासची जी कोसुगी दिसतात, त्यांतली पुष्कळशी त्या जुन्या तोडीने पडलेल्या उजेडात रुजलेली. बुडखा उपटून ‘साफसफाई’ केली असती, तर ही पिढी उभीच राहिली नसती.

विसाव्या शतकातली तोड वेगळी होती, हे तुम्ही लपवलं नाहीत. १९२३ मध्ये किनाऱ्यावरच्या आनबो गावापासून डोंगरातल्या कोसुगिदानीपर्यंत जंगलातली रेल्वे झाली. युद्धानंतर साखळी-करवती आल्या आणि निवडून झाड पाडण्याऐवजी डोंगराचे डोंगर उघडे करून लागवडी झाल्या. कोसुगिदानीत कामगारांची अख्खी वस्ती होती, शाळा होती. १९७० मध्ये वस्ती उठली. शाळेचं मोकळं आवार रुळांच्या कडेला अजून दिसतं. १९७२ पासून बेटावरच्याच तरुण मंडळींनी तोडीविरुद्ध संघटित होऊन आवाज उठवला. राष्ट्रीय उद्यान १९६४ पासून होतं, तरी खालच्या उतारांवर कुऱ्हाड चालूच होती. नुसता फलक लावून जंगल वाचत नाही, हे मुलांना यापेक्षा चांगलं कुठे कळणार? १९९३ मध्ये बेटाचा सुमारे एक पंचमांश भाग, १०,७४७ हेक्टर, जागतिक वारसा ठरला.

त्यानंतर धोका करवतीचा राहिला नाही, पायांचा झाला. जोमोन सुगीभोवती माणसं उभी राहून राहून माती दबली, खालची झुडपं गेली, पावसाने उघडी माती नेली आणि मुळं उघडी पडली. म्हणून १९९६ मध्ये दुरून बघण्यासाठी लाकडी मंच बांधला. मंचावरून झाड लांब वाटतं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी मुळांजवळ आणून टाकलेली माती बघावी. चालण्याच्या काठीला रबरी टोपी हवीच. धातूचं टोक शेवाळ फाडतं, मुळांची साल सोलतं, आणि त्या जखमेतून कूज आत शिरते. टोपी चिखलात निसटते, म्हणून जादाची एक जोडी ठेवावी. समोरून लोक आले तर बाजूच्या शेवाळावर पाय न ठेवता फळीवर किंवा दगडावर थांबावं.

आता ज्या गोष्टीबद्दल आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही आणि तुम्ही मुलांसमोर निःसंकोच बोललात, ती शौचाची. वरच्या डोंगरातल्या संडासांतला मैला माणसं पाठीवरून खाली आणतात. तिथे पुरायची सोय नाही. ग्रॅनाइटवर वीतभर माती, त्यावर असा पाऊस. पुरलेलं सगळं ओढ्यात जातं आणि ओढ्याचं पाणी तर लोक पितात. म्हणून प्रत्येकाने बेटावरच्या दुकानातून घडीची शौचपिशवी घ्यावी, माणशी निदान दोन. वाटेवर ठिकठिकाणी आडोशाच्या खोल्या आहेत. तिथल्या बैठकीवर पिशवी पसरायची, वापरानंतर त्यातली पूड टाकून ओल गोठू द्यायची, कागदही त्यातच, मग हवा दाबून काढून तोंड बांधायचं आणि दुसऱ्या जाड पिशवीत घालायचं. हवा राहिली की सॅकमध्ये दबून ती फुटते, ही नेहमीची चूक. खाण्याच्या कप्प्यात ठेवू नये. खाली उतरल्यावर ठरलेल्या पेटीतच टाकावी, हॉटेलच्या कचऱ्यात नाही. मुलांना घरीच एकदा कोरडी तालीम द्यावी.

डोंगरवाटेच्या सुरुवातीला एका दिवसासाठी १,००० येन आणि मुक्कामासाठी २,००० येन संवर्धन निधी मागतात तो याच कामांसाठी. तो न देता पुढे जाऊ नये.

जोमोन सुगीचा दिवस सोपा नाही. जाऊन-येऊन २२ किलोमीटर, सुमारे दहा तास. मार्च ते नोव्हेंबर खासगी गाडी वर जात नाही. याकुसुगी संग्रहालयापासून पहाटे बस सुटते, तिचं तिकीट आदल्या दिवशीच घ्यावं. पहिले आठेक किलोमीटर रुळांमधल्या फळ्यांवरून, बऱ्यापैकी सपाट. चूक इथेच होते. सपाट वाट बघून लोक रमतात आणि रूळ सोडून ओकाबूची डोंगरवाटेची चढण सुरू होईपर्यंत उशीर झालेला असतो. सकाळी दहाच्या आत ओकाबू गाठलं नाही तर परत फिरावं, कारण जंगलात अंधार लवकर पडतो. दहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही तरी तिकडे नेऊ नका म्हणू. त्याऐवजी याकुसुगी लँड या वन-उद्यानात तीस आणि पन्नास मिनिटांच्या फळ्यांच्या वाटा आहेत. बुडखे, चाचणीच्या खुणा, बुडख्यावरची झाडं, सगळं तिथेच बघायला मिळतं.

शिरातानी उन्सुइक्यो या शेवाळी दरीत ओढे थेट ओलांडावे लागतात. पाऊस वाढला की पाणी बघता बघता चढतं आणि वाट बंद करतात. त्या दिवशी हट्ट करू नये, पाणी उतरायची वाट बघावी. छत्री आणि पोंचो नको. पोंचोखाली पाय दिसत नाहीत आणि वाऱ्यात तो फुगतो. जॅकेट आणि पँट वेगवेगळी असलेला रेनकोट हवा, जीन्स तर नकोच. बूट-रेनकोट बेटावर भाड्याने मिळतात. याच दरीतला यायोइ सुगी हा जुना वृक्ष ऑगस्ट २०२४ च्या वादळात कोसळला. तुम्हाला त्याचं वाईट वाटतं, तरीही तो पडला तिथे आता उजेड आला आहे हे तुम्ही मुलांना सांगायला विसरला नाहीत.

पश्चिमेच्या सेइबु रस्त्यावर माकडं आणि बुटकी हरणं गाडीजवळ येतात. खायला घालायचं नाही. हरणांची संख्या वाढल्यामुळे जंगलाखालचे नेचे आणि रोपं खलास होतात. कुंपण घातलेल्या चौकोनात हिरवं आणि बाहेर भुंडं, एवढा फरक बघितला की हरणं कमी करण्याचं काम का चालतं हे समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही साताऱ्याचे. आमचं कासचं पठारही जागतिक वारशात आहे, तिथेही खडकावर बोटभर माती आणि तिच्यावर फुलं. फोटोसाठी फुलांत बसणारी माणसं आम्ही दर हंगामात बघतो. तुम्ही आम्हाला त्यांच्याशी बोलायची रीत दिलीत: आधी दबलेली माती दाखवायची, मग नियम सांगायचा.

एक विनंती. पाठीवर मैल्याचं ओझं घेऊन उतरणाऱ्या मंडळींशी आम्हाला भाषेअभावी बोलता आलं नाही. आमच्या सगळ्यांचा नमस्कार त्यांना आठवणीने पोचवा, आणि आमच्या गावाकडून जे येतील ते आपापल्या पिशव्या स्वतः खाली आणतील, असंही सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपलं,
साताऱ्याचं एक कुटुंब