डॉमिनोचा पियानो इतका ‘सहज’ नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फॅट्स डॉमिनोवरचा लेख वाचला. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या या गायक-पियानोवादकावर मराठीत कुणी लिहितं, याचंच मुळात अप्रूप. पण ‘हसतखेळत, सहज वाजवणारा’ हे लेखातलं वर्णन अर्धंच खरं आहे. ती सहजता मेहनतीनं बांधलेली होती आणि ज्यानं ती त्याच्याबरोबर बांधली, त्या डेव्ह बार्थोलोम्यूचं नावच लेखात नाही.

आधी डॉमिनोच्या उजव्या हाताचं बघू. ठेका चार मात्रांचा, पण प्रत्येक मात्रेचे तीन सारखे भाग, म्हणजे एका बारमध्ये (आवर्तनात) 12 आघात. तबलजी याला तिस्र जाती म्हणतील. लय मिनिटाला 100 मात्रांची धरली तर उजवा हात मिनिटाला 300 वेळा कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) वाजवतो, तेही गात असताना. कोपरापासून हात आपटला की दुसऱ्या कडव्यापर्यंत दंड भरून येतात. हालचाल मनगटातून हवी आणि पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबायला हवी. ग्रँड पियानोत हे जमतं, कारण हातोडी अर्ध्यावरूनच पुन्हा उचलणारी जादा तरफ त्यात असते. अपराइटवर, म्हणजे उभ्या पियानोवर, पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते, नाहीतर आघात गिळला जातो. पेडल दाबून धरलं तर बाराचे बारा आघात एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. पण शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिघांतला मधला आघात गाळणं. तो गळला की त्याचा शफल, म्हणजे लांब-आखूड असा झुलता ठेका, होतो. शफल वाईट नव्हे, पण डॉमिनोचं ‘ब्लूबेरी हिल’ हे गाणं त्यावर उभं राहत नाही.

ही लकब डॉमिनोनं शोधलेली नाही. लिटल विली लिटलफील्ड या पियानोवादकाच्या 1949 च्या ‘इट्स मिडनाइट’ या गाण्यात ती होती. डॉमिनोनं ती 1950 मध्ये ‘एव्हरी नाइट अबाउट धिस टाइम’साठी उचलली आणि पुढे इतकी घोटली की लोक ती त्याचीच समजू लागले.

आता बार्थोलोम्यू. हा ट्रम्पेटवादक, स्वतःच्या बँडचा नायक, शिवाय इम्पीरियल या रेकॉर्ड कंपनीसाठी न्यू ऑर्लिन्समधली ध्वनिमुद्रणं बघणारा. पियानोच्या डाव्या हातात शोभेल अशी खर्जातली चाल तो डबल बासबरोबर गिटार आणि सॅक्सोफोनलाही एकसाथ वाजवायला लावी. ज्यूकबॉक्सच्या किंवा घरगुती रेडिओच्या स्पीकरवर बासचा खर्ज हरवला, तरी गिटार-सॅक्समुळे चाल कानावर येत राहते. त्यामुळे पियानोवाल्यानं डावा हात जड ठेवायचं कारण उरत नाही. आजचे बँड नेमके इथे घसरतात. कीबोर्डचा डावा हात, बास गिटार आणि पायानं वाजवायचा मोठा ड्रम (किक) तिघेही खर्जाच्या एकाच पट्ट्यात घुसतात आणि गाणं खालून चिखल होतं.

10 डिसेंबर 1949 रोजी कोझिमो मटासाच्या जे अँड एम स्टुडिओत डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’ मुद्रित झालं. रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या दुकानामागची ती एक छोटी खोली. मुद्रण थेट तबकडीवर. नंतर भर घालायची सोय नाही, एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. आवाजाचा तोल साधायचा तो वादकाला मायक्रोफोनच्या जवळ किंवा लांब बसवून. मूळ चाल ‘जंकर ब्लूज’ या जुन्या गाण्याची, आठ बारांची, शब्द मात्र नवे. मधे डॉमिनो तोंडानंच ‘वा-वा’ करत म्यूट (आवाज दबवणारं झाकण) लावलेल्या ट्रम्पेटची नक्कल करतो. ड्रमवर अर्ल पामर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गाणंभर एकसारखा ठोका देतो. एल्व्हिस प्रेस्लीची सन कंपनीनं काढलेली पहिली रेकॉर्ड 1954 ची. म्हणजे लेखात एल्व्हिसनं उघडलेल्या रॉक अँड रोलच्या ‘दारा’चं जे कौतुक आहे, त्या दारातून ही मंडळी साडेचार वर्षं आधीच ये-जा करत होती.

1955 चं ‘एन्ट दॅट अ शेम’ ऐकताना सुरुवातीकडे लक्ष द्यावं. गायकाचे दोन शब्द, बँडचे दोन ठोके, मग पुन्हा शांतता. त्या रिकाम्या जागेत पियानोसुद्धा थांबतो, आणि तिहेरी आघात सुरू झाल्यावर गाणं पुढे झेपावल्यासारखं वाटतं. याच गाण्याची पॅट बूननं गायलेली आवृत्ती अमेरिकेतल्या पॉप गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, डॉमिनोची दहाव्या. बून गोरा होता, यापलीकडे याचं कारण शोधायची गरज नाही.

‘ब्लूबेरी हिल’ जुनं, 1940 चं गाणं. 1956 मध्ये हॉलिवूडला मुद्रण करताना डॉमिनोला शब्द आठवेनात आणि सलग एकही टेक (एका दमातलं मुद्रण) पुरा झाला नाही. तोवर टेप आली होती, म्हणून ध्वनिमुद्रक बनी रॉबिनला तुकडे कापून जोडता आले. बार्थोलोम्यूला ते बाहेर काढावंसं वाटत नव्हतं. कंपनीचे मालक लू चड यांनी काढलं आणि ते पॉपमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

डॉमिनोची लोकप्रियता उतरण्याचं कारण लेखात ‘बदलती अभिरुची’ असं दिलं आहे. बीटल्स 1964 मध्ये अमेरिकेत आले हे खरंच. पण त्याआधी, 1963 मध्ये, डॉमिनो इम्पीरियल सोडून एबीसी-पॅरामाउंट कंपनीकडे गेला आणि मुद्रणं नॅशव्हिलला होऊ लागली. बार्थोलोम्यूची जागा दुसऱ्या निर्मात्यानं घेतली, मागे कोरस आला. आवाज तोच, उजवा हात तोच, पण खालचा पाया गेला. पॉपच्या यादीत पहिल्या चाळिसात गेलेलं त्या काळातलं एकच गाणं, ‘रेड सेल्स इन द सनसेट’.

कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये आलेल्या पुरावर लेखात दोन परिच्छेद आहेत. 2005 मध्ये डॉमिनो मेला समजून त्याच्या घरावर कुणी तरी श्रद्धांजली रंगवली होती, हा किस्सा रंजक आहेच. पण त्या जागेत निदान सोबतच्या वादकांची नावं मावली असती. पुरवणीत चौकट देता आली तर ती अशी द्यावी: टेनर सॅक्स – हर्ब हार्डेस्टी आणि ली ॲलन; बॅरिटोन सॅक्स – ॲल्विन ‘रेड’ टायलर; गिटार – अर्नेस्ट मॅक्लीन आणि नंतर वॉल्टर ‘पपूस’ नेल्सन; बास – फ्रँक फील्ड्स; ड्रम – अर्ल पामर आणि नंतर कॉर्नेलियस कोलमन. ‘आय एम वॉकिन’मधला सॅक्सचा तुकडा हार्डेस्टीचा आहे, तेवढं नावासमोर कंसात घालावं.

आपला,
एक पियानो-शिक्षक, पुणे