मधली तीनशे वर्षे कुठे गेली?

महोदय,

युरोपीय चित्रकलेवरील मराठी लेखन बहुतेकदा लिओनार्दो, मायकेलअँजेलोवरून थेट मोने, व्हॅन गॉगवर उडी मारते. बरोक, रोकोको या मधल्या, सतराव्या-अठराव्या शतकांतल्या शैली जणू घडल्याच नाहीत! हे फार खटकते. बरोकचा इटालियन चित्रकार कॅराव्हाजियोने १६०० च्या सुमारास रोममधील एका चर्चसाठी रंगवलेले ‘संत मॅथ्यूला पाचारण’ पाहा. काळोख्या खोलीत मॅथ्यू आणि इतर जकातवाले पैसे मोजत बसलेत, उजवीकडून प्रकाशाची तिरीप येते आणि त्याच बाजूला मॅथ्यूला बोलावणाऱ्या ख्रिस्ताचा हात उचललेला. माणसे रस्त्यावरची, जकातवाल्यांचे कपडे चित्रकाराच्याच काळातले. हा छायाप्रकाश पुढे उट्रेख्त या डच शहरातल्या चित्रकारांनी रोमहून हॉलंडात नेला, डच चित्रकार रेम्ब्रांट त्यानंतरचा. आपल्या रविवार पुरवणीत या कालखंडावर सचित्र लेखमाला सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे