गाडी उंच करू नका, डिक्की रिकामी करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत छोट्या एसयूव्ही कॅम्पिंगसाठी आणि कच्च्या रस्त्यांसाठी कशा तयार कराव्यात, यावर पानभर मजकूर आला. सोबत फोटो: टपावर लाइटांची पट्टी, पुढे लोखंडी गार्ड आणि माळरानावरून धुरळा उडवत निघालेली गाडी. फोटो झकास होता. पण हीच गाडी सोमवारी सकाळी कामावर न्यायची असते, याचा त्या पानावर मागमूस नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जुळे सोलापुरातून बार्शी रस्त्यावरच्या एका गावी रोज जाते-येते. गाडी मारुतीची ब्रेझा, पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी. तिच्यातूनच सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, मार्केट यार्डातून कांदे आणायचे आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की पक्षी बघायला निघून रात्री तिच्यातच झोपायचं. त्यामुळे माझा नियम साधा आहे: रोजच्या गाडीत असाच बदल करावा, जो रविवारी रात्री अर्ध्या तासात काढून ठेवता येतो. जो काढता येत नाही तो बहुतेक वेळा लोकांना दाखवण्यासाठी असतो.

झोपण्यापासून सुरुवात करते, कारण रात्री नीट झोप लागली नाही तर बाकीच्या सामानाला काही अर्थ नाही. मागचं सीट 60:40 मध्ये दुमडतं, पण सपाट होत नाही. डिक्कीच्या तळापेक्षा ते उंच राहतं आणि वर चढ येतो. त्यावर नुसती गादी टाकली तर माणूस रात्रभर मागच्या दाराकडे घसरत राहतो. आमच्या सुताराने 12 मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या बिजागरीने जोडून दिल्या, खाली दुमडणारे पाय, पायांना रबरी बुचं. गाडीच्या अंगाला एकही स्क्रू नाही. फळ्यांखालच्या पोकळीत पाण्याचा कॅन, शेगडी आणि भाजीवाल्यांकडे असतात तसले दोन क्रेट. पुढची सीटं पूर्ण पुढे ओढली की माझ्या पाच फूट दोन इंचांना जागा पुरते. साडेपाच फुटांवरच्यांनी तिरकं झोपावं, नाहीतर सरळ बाजूला तंबू ठोकावा. आमचे हे तंबूत झोपतात. (त्यामागे उंचीपेक्षा घोरण्याचं कारण मोठं आहे.)

गादी म्हणजे दोन इंची फोम आणि वर चादर. सोलापुरात राहून परदेशी स्लीपिंग बॅगवर हजारो रुपये घालणाऱ्यांना काय म्हणावं! डिसेंबरात उजनीच्या काठाला पहाटे चांगलंच गारठतं, तिथेही आपली जेकार्डची चादर दुहेरी घेतली की भागतं. फळ्या आणि क्रेट मात्र डिक्कीतल्या हुकांना बेल्टने आवळून बांधायचे. साठच्या वेगात कुत्रं आडवं आलं आणि ब्रेक दाबला तर मोकळा क्रेट सीटवरून थेट मानेवर येतो. पुरवणीतल्या पानभर मजकुरात बांधाबांधीबद्दल एक ओळ नव्हती.

खिडक्यांना काळी फिल्म कशाला हवी? मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्या दारावरून मोज्यासारख्या चढवायच्या आणि काच चार बोटं खाली ठेवायची. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद अशा गाडीत कुणीही झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि झोपलेल्याला तो जागं होऊ देत नाही. गॅसची शेगडीही बाहेरच पेटवायची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गाडीत झोपायचा विचारच सोडा, पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. आपला हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र.

टपावरच्या तंबूचं पुरवणीत फार कौतुक होतं. तो तंबू पन्नास-साठ किलोचा, वर त्याच्या कॅरियरचं वजन. धावत्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत तो आकडा बऱ्याचदा तंबूनेच संपतो. शिवाय वजन वर गेलं की वळणावर गाडी डोलते आणि पेट्रोल जास्त पिते. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं, तसंच न उघडता गाडीबरोबर विकलं जातं.

आता उंची. चौकशी करायला गेले तेव्हा गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य, “मॅडम, तीस एमएमचं स्पेसर टाकू की. रोडवर गाडी नुसती वाघ दिसंल बघा.” दिसेलही. पण स्पेसरने, म्हणजे स्प्रिंगपाशी बसवलेल्या जाड चकतीने, गाडीचं अंग वर जातं, चाकाची खाली-वर होण्याची मर्यादा तेवढीच राहते. पुढच्या चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट आता जास्त तिरके चालतात, त्यांच्या टोकांचे रबरी बूट लवकर फाटतात, आतलं ग्रीस बाहेर आणि बाहेरची माती आत. मग कटकट आवाज सुरू होतो आणि शाफ्ट बदलायची वेळ येते. मारुतीच्याच जिमनीचं उदाहरण घ्या. तिची जमिनीपासून उंची 210 मिलिमीटर, माझ्या ब्रेझाची 198. फरक एका बोटाइतका. पण जिमनीला लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा मजबूत सांगाडा आहे, चारही चाकांना ताकद देता येते आणि लो रेशोचा वेगळा गिअर आहे, ज्यात ती खडकावर पावलापावलाने चढते. तीस मिलिमीटरच्या स्पेसरने यातलं काहीही गाडीत येत नाही. सीट उभी असताना जिमनीची डिक्की मात्र 208 लिटरची, ब्रेझाची 328. ज्याला खडक चढायचे आहेत त्याने जिमनी घ्यावी. ज्याला तळ्याकाठी जाऊन झोपायचंय, त्याच्या दारात उभी आहे ती गाडी पुष्कळ आहे.

पैसे घालायचेच तर टायरात घालावेत. कंपनीचं माप 215/60 आर 16 आहे (रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 60 टक्के, रिम 16 इंची), त्याच मापात ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या नक्षीचे घ्यावेत. दुकानदार 215/65 सुचवतात. हिशेब करून पाहा: चाकाचा व्यास साधारण 664 मिलिमीटरवरून 686 होतो, म्हणजे गाडी वर जाते ती 11 मिलिमीटर आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तीन टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवायला लागतो. (गुणाकार-भागाकार सहावीतला आहे, माझी मुलं फळ्यावर करून दाखवतील.) त्यापेक्षा चार्जिंगच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप आणि गेज घ्या. मुरमाड वाटेवर 33 पीएसआयची हवा 25 वर आणली की टायर पसरतो, पकड वाढते, धक्के कमी होतात. डांबरीवर यायच्या आत हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर वेगात गेलं तर टायर तापून फुटतो, आणि आपल्याकडचा रस्ता मुळातच तापलेला.

माझ्या नियमाला एक अपवाद आहे. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली कंपनीच्याच भोकांत बोल्टने बसवलेली जाड प्लेट मी काढत नाही. रस्त्यातल्या एका धोंड्याने चेंबर फुटलं की तेल सांडून इंजिनच जाम होऊ शकतं, आणि तसा धोंडा आमच्या शाळेच्या रस्त्यावरही असतो.

दुकानदार ज्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत ते आता सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या, म्हणजे उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी गार्डावर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं. धडक बसल्यावर बंपरने चेपून जोर जिरवायचा असतो. गार्ड तो जोर थेट सांगाड्यात पोचवतं, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो आणि समोरच्या पायी माणसाला लोखंड लागतं ते वेगळंच. टपावरची लाइटपट्टी सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. तिच्यासाठी गाडीची मूळ वायर सोलून टॅप मारला की वॉरंटीचा वाद उभा राहतो, आणि फ्यूज नसेल तर आगीचं निमित्त होतं. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलावरून क्लेम अडतो तो निराळा. पुरवणीच्या मुख्य फोटोत यातल्या दोन गोष्टी ठळक दिसत होत्या.

पावसाळ्यात तर कुठलाही बदल कामाला येत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, टायरच्या खाचा चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत भरून टाकते. मग ऑल-टेरेन असो की झिजून गुळगुळीत झालेला, सगळे टायर सारखेच. वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओल पुरेशी उतरल्याशिवाय, शेतकरी शेतात औत घालत नाही, आपण हजार किलोंच्या वरची गाडी कशाला घालायची? सीनेच्या काठी एक सजवलेली गाडी अशीच पोटापर्यंत बसलेली पाहिली. ट्रॅक्टर आला, पोरांनी दोर त्या रुबाबदार गार्डलाच बांधला. ट्रॅक्टरने झटका दिला, गार्ड बोल्टसकट उपटून ट्रॅक्टरच्या मागे गेलं आणि गाडी होती तिथेच राहिली. गाडीबरोबर मिळालेला टो हुक स्टेपनीजवळच्या हत्यारांत पडलेला होता. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो हुक आत शेवटपर्यंत पिळायचा, दोर त्यालाच लावायचा, ट्रॅक्टरने झटका न देता हळूहळू ताण घ्यायचा आणि बाकीच्यांनी दोराच्या रेषेतून लांब उभं राहायचं. तो हुक आणि एक फावडं, दोन्ही मिळून लाइटपट्टीच्या वायरिंगच्या खर्चातही निघतात.

आणि आता माळरान, ज्याच्यासाठी मी मुळात पत्र लिहायला बसले. फोटोत दिसतं तसं गवताळ माळरान आपल्याकडे नान्नज-मार्डीच्या बाजूला आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. त्याला सलग कुंपण नाही, मध्ये शेतं आहेत, गावं आहेत, त्यामुळे नवख्याला ती पडीक जमीन वाटते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. आता माळढोक दिसणंच दुर्मीळ झालं, पण लांडगा आहे, काळवीट आहे, आणि चंडोल, धाविक, रातवा, टिटवी हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे. शाळेमागच्या माळावर मुलं मला टिटवीची अंडी दाखवतात. मातकट रंग, वर काळे-तपकिरी ठिपके, भोवती बारीक खडे. “बाई, तुमच्या पायापाशीच हायत,” असं म्हणाल्यावरही मला ती क्षणभर सापडत नाहीत. स्टिअरिंग धरून चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला काय दिसणार? माळावरचा मातीचा थर वीतभरही नसतो, खाली मुरूम. एका चाकोरीतून पहिल्या पावसात पाणी धावतं, पुढच्या वर्षी तिथे घळ पडते, आणि चाकोरी दिसली की मागून दुसरी गाडी येतेच. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळून उभं असतं, तेव्हा शेकोटीचं तर नावही नको. राखीव जंगलात आग पेटवणं हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

मग जायचं कुठे, असं पोरं विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, शके 940 चा मराठी शिलालेख आहे. संध्याकाळ तिथे सुरेख जाते, पण देवळाच्या आवारात मुक्काम करणं बरं नाही. उजनीच्या काठाला जागा भरपूर, पण बाईमाणसाला रात्री आधी शौचालय लागतं, मग चांदणं. लाइटपट्टीवाल्या लेखात हा मुद्दा यायची शक्यताच नव्हती म्हणा.

माझ्या डोळ्यांपुढे आहेत ती हुरड्याची शेतं. पौषात सोलापूर, मंगळवेढा, मोहोळकडे कितीतरी शेतकरी हुरडा पार्ट्या करतात. बोअरचं पाणी, शौचालय, एखादा दिवा आणि गाडी वळेल एवढी सपाट जागा त्यांच्याकडे तयार असते. संध्याकाळी लोक हुरडा, शेंगाचटणी, गूळ खाऊन घरी जातात आणि ती जागा रात्री रिकामी पडते. एका गाडीला रात्रीचे तीन-चारशे रुपये, सकाळी भाकरी-पिठल्याचे वेगळे, असा दर ठेवला तर आमच्यासारखे आनंदाने देतील. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, त्यात नोंदणी करता येते. बांधापर्यंतची कच्ची वाट एवढं ‘ऑफ-रोड’ आमच्या पुढच्या दोन चाकांना पुरे. ज्यांना पुरत नाही त्यांनी एखाद्या शेतकऱ्याचा पडीक तुकडा भाड्याने घेऊन तिथे हवे तेवढे खड्डे उकरावेत.

तेव्हा आपणास विनंती: रात्री गाडी उभी करू द्यायला तयार असलेल्या शेतकऱ्यांनी गाव, वाट आणि दर कळवावा, असं आवाहन आपण छापावं आणि आलेली नावं पुरवणीत तालुकावार द्यावीत. रब्बीच्या पेरण्या आत्ता चालू आहेत. मार्गशीर्ष सरायच्या आत यादी आली तर हुरड्याचा हंगाम गाठता येईल.

आपली,
एक शिक्षिका, जुळे सोलापूर
(नाव छापू नये)