पाच जणांच्या फळीतील चुरस

माननीय संपादक,

अमेरिकन फुटबॉलच्या वृत्तांत क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, निवडीची चर्चा रंगते, पण त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या सेंटर (मधला), दोन गार्ड (त्याच्या दोन्ही बाजूंचे) आणि दोन टॅकल (कडेचे) या त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या निवडीची फारशी दखल घेतली जात नाही, हे खटकते. या पाचांच्या नावावर सहसा ना गुण जमा होतात ना चेंडू पुढे नेल्याचे यार्ड. त्यामुळे सराव शिबिरात कोण सरस ठरला, हे पावलांची ठेवण आणि शेजाऱ्याशी असलेला ताळमेळ बारकाईने पाहणाऱ्यालाच उमगते.

फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने २०१९ च्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या आंद्रे डिलार्डऐवजी २०२१ मध्ये डाव्या टॅकलची जागा जॉर्डन मायलाटाला दिली, जो मूळचा ऑस्ट्रेलियन रग्बी लीग खेळाडू असून २०१८ च्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, फेरीत निवडला गेला होता. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारी ही जागा निवडक्रम न पाहता देणे धाडसाचेच होते, आणि माझ्या मते योग्यही. मात्र अशी चुरस हंगामाच्या तोंडापर्यंत ताणू नये, कारण एकमेकांच्या हालचाली अंगवळणी पडण्यास पाचही जणांना एकत्र सराव लागतो.

आपल्या क्रीडा पानाने या चुरशीचेही वार्तांकन करावे, ही विनंती.

— एक वाचक